साथीच्या बातमीत परदेश प्रवास विमा किती कामाचा?

परदेश प्रवास विमा आपल्याकडे बहुतेक वेळा व्हिसाच्या फायलीतला एक कागद म्हणून घेतला जातो. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय कव्हर लागतं, म्हणून एजंट ५०,००० डॉलरची सगळ्यात स्वस्त पॉलिसी काढतो, तिची प्रिंट पासपोर्टच्या झेरॉक्सला टाचली जाते आणि विषय मिटतो. इथे परीक्षा त्याच कागदाची आहे, पण एकाच कसोटीवर: जायच्या देशात किंवा त्याच्या आसपास साथ सुरू झाली तर तो कुठे उपयोगी पडतो आणि कुठे हात वर करतो. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. भारतात विकल्या जाणाऱ्या या पॉलिसींची कलमं बरीचशी एकाच साच्यातली आहेत. फरक असतो तो मर्यादांच्या आकड्यांत आणि एखाददुसऱ्या जोड-कव्हरमध्ये.

निकाल आधीच सांगून टाकू. आजारपणासाठी पाचपैकी चार गुण, सहल रद्द करावी लागली तर दोन, आणि बातम्या बघून घरच्यांनी ‘नको जायला’ म्हटलं तर शून्य. अडचण अशी, की साथीच्या काळात बऱ्याचशा सहली या तिसऱ्या कारणानेच मोडतात.

सहल मोडते कशाने

२०१४ मधली इबोलाची साथ गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत भडकली होती, म्हणजे आफ्रिकेच्या पार पश्चिमेला. लायबेरियाची राजधानी मन्रोव्हिया ते नैरोबी हे अंतर सरळ रेषेत पाच हजार किलोमीटरहून जास्त आहे. मन्रोव्हियाहून पॅरिस त्यापेक्षा जवळ पडतं. त्या साथीत केनियात एकही रुग्ण सापडला नाही, तरी मसाई मारा आणि शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीच्या सफारी धडाधड रद्द झाल्या. पर्यटकाच्या डोक्यातल्या नकाशावर आफ्रिका हा एकच देश असतो. सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं.

२०१५ चं दक्षिण कोरिया तर आणखी शिकण्यासारखं. आखातातून परतलेल्या एका प्रवाशाला मर्स हा श्वसनाचा साथरोग झाल्याचं २० मे रोजी नक्की झालं. पुढे एकूण रुग्ण १८६, मृत्यू ३८. संसर्ग जवळजवळ सगळा रुग्णालयांतच फिरला: गजबजलेले तातडीचे विभाग, एका खोलीत अनेक खाटा, उशाशी बसून राहणारे नातेवाईक, आणि एकच रुग्ण दोन-तीन दवाखाने पालथे घालणार. सोलच्या बाजारात फिरणाऱ्या पर्यटकाला धोका नगण्य होता. तरी जूनमध्ये परदेशी पर्यटक आदल्या वर्षीच्या मानाने ४१ टक्क्यांनी घटले आणि जुलैत निम्म्याहून जास्त. आता यातली मेख बघा. नवे रुग्ण सापडणं जुलैच्या पहिल्या आठवड्यातच थांबलं होतं. साथ ओसरली आणि मागणी मात्र तेव्हाच तळाला गेली, कारण परदेश सहलीचा निर्णय काही आठवडे आधी होतो. जूनमधल्या भीतीचा हिशेब जुलैत उमटतो. शरद ऋतूपर्यंत आकडे परत वर आले. कोरियन सरकारने त्या उन्हाळ्यात येणाऱ्या पर्यटकांना मर्ससाठी मोफत विमाही देऊ केला होता. रिकाम्या हॉटेलांवरचा तो उतारा होता. मर्स होऊन तो वापरण्याची वेळ फारशी कुणावर येणार नव्हतीच.

हाँगकाँगची २००३ ची गोष्ट वेगळ्या जातीची. तिथल्या एका हॉटेलच्या नवव्या मजल्यावर ग्वांगडाँगहून आलेल्या आजारी डॉक्टरकडून सार्स या श्वसनरोगाचा विषाणू इतर पाहुण्यांना लागला आणि त्यांच्यासोबत सिंगापूर, हनोई, टोरांटोला पोचला. २ एप्रिलला जागतिक आरोग्य संघटनेने हाँगकाँग आणि ग्वांगडाँगला अनावश्यक प्रवास टाळा असं जाहीरपणे सांगितलं. ती सूचना २३ मे रोजी मागे घेतली. त्या दोन महिन्यांत हाँगकाँगची पर्यटकांची आवक जवळपास दोन तृतीयांशाने घसरली. इथे भीतीला अधिकृत शिक्का मिळाला होता, आणि विम्याच्या दृष्टीने हा शिक्का फार महत्त्वाचा असतो. आपल्याकडेही १९९४ च्या सप्टेंबरात बीड जिल्ह्यात गाठीचा आणि सुरतमध्ये फुप्फुसाचा प्लेग आला, तेव्हा आखाती देशांनी भारताची विमानं थांबवली होती.

आणि २०२०. तिथे भीती, सूचना, बंदी आणि आजार सगळंच एकदम आलं. २०१९ मध्ये जगात १४६ कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक फिरले होते. २०२० मध्ये सुमारे ४० कोटी. जुन्या पातळीच्या जवळ यायला २०२४ उजाडलं.

पॉलिसी वाचताना ही चार कारणं वेगवेगळी धरायची: भीती, अधिकृत सूचना, बंदी आणि प्रत्यक्ष आजार. विकणारा माणूस ‘साथ कव्हर होते का?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणतो तेव्हा तो चौथ्या कारणाबद्दल बोलत असतो. विचारणाऱ्याच्या मनात पहिली तीन असतात.

आजारपणाचा भाग

हा या उत्पादनाचा सगळ्यात दमदार भाग. परदेशात ताप आला, तपासणीत संसर्ग निघाला, डॉक्टरने भरती करून घेतलं, तर चांगली पॉलिसी खर्च उचलते. मात्र आधी ‘सर्वसाधारण वगळणी’ या मथळ्याखालची यादी काढून तिथे ‘साथ’, ‘महामारी’ किंवा ‘जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केलेला आजार’ असे शब्द आहेत का ते बघा. कोविडनंतर पुष्कळ कंपन्यांनी कोविडला इतर आजारांसारखंच धरलं, पण हा बदल कधी फक्त कोविडचं नाव घेऊन केलेला असतो. पुढची साथ दुसऱ्या नावाने आली तर जुनं वगळणीचं वाक्य तिथेच उभं असतं. माहितीपत्रकावर विसंबू नका. ‘पॉलिसी वर्डिंग’ नावाची तीस-चाळीस पानांची पीडीएफ असते, तीच ग्राह्य.

रक्कम किती घ्यावी? शेंगेनपुरतं ५०,००० डॉलर चालतं, पण तो व्हिसाचा किमान निकष आहे, रुग्णालयाच्या बिलाचा अंदाज नव्हे. अमेरिका-कॅनडाला अडीच लाख डॉलरच्या खाली जाऊ नये. साथीच्या आजारात श्वसनाचा त्रास वाढला की अतिदक्षता विभागातले दिवस मोजावे लागतात आणि लहान रक्कम तिथे बघता बघता संपते. पन्नास हजार आणि अडीच लाखांच्या पॉलिसींच्या हप्त्यात फरक पडतो, पण एकूण सहलीच्या खर्चापुढे तो किरकोळच असतो.

साठीच्या पुढच्यांनी आकड्याला भुलू नये. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांसाठी घेतलेल्या पॉलिसीवर ‘१,००,००० डॉलर’ ठळक छापलेलं असतं आणि आतल्या तक्त्यात खोलीभाडं, अतिदक्षता, शस्त्रक्रिया, डॉक्टरची भेट या प्रत्येकाला वेगळी मर्यादा घातलेली असते. एक लाख हा कळस झाला. पैसे या छोट्या मर्यादांप्रमाणे मिळतात. थोडा जास्त हप्ता देऊन अशा अंतर्गत मर्यादा नसलेली पॉलिसी मिळते का ते आधी बघा. मधुमेह, रक्तदाब हे आधीचे आजार म्हणून धरले जातात आणि त्यांच्यासाठीचं कव्हर अनेकदा जिवावर बेतलेल्या प्रसंगापुरतंच असतं. प्रस्तावात ते लपवले तर ज्या संसर्गाचा त्यांच्याशी काही संबंध नाही त्याचाही क्लेम अडकतो.

मग डिडक्टिबल. शंभर डॉलर असेल तर प्रत्येक आजारात पहिले शंभर डॉलर तुमचे. बाह्यरुग्ण तपासणी, एक चाचणी आणि गोळ्या एवढ्यावर भागलं तर हातात फारसं काही येत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. तिच्यात तथ्य आहे, पण यात कंपनीने फसवलं असं नाही. तक्त्यात तो आकडा छापलेला असतो.

खरी कुरकुर होते ती विलगीकरणावर. भरती ‘वैद्यकीयदृष्ट्या आवश्यक’ असेल तरच खर्च मिळतो. त्या देशाच्या नियमामुळे चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या धडधाकट माणसाला दहा दिवस हॉटेलात किंवा केंद्रात ठेवलं, तर ते उपचार ठरत नाहीत. काही पॉलिसींत यासाठी दिवसाला ठरावीक भत्ता असतो, तोही तुमची स्वतःची चाचणी पॉझिटिव्ह असेल तर. शेजारच्या खुर्चीवरचा प्रवासी बाधित निघाला म्हणून तुम्हाला थांबवलं, तर बहुतेक ठिकाणी काहीच नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला अडकलेलं ‘डायमंड प्रिन्सेस’ आठवा: जहाजावर ३,७११ माणसं, बाधित ७१२. उरलेले तीन हजारांच्या घरातले लोक आजारी नव्हते, नुसते अडकले होते. पॉलिसी वाचताना स्वतःला त्या तीन हजारांत बसवून वाचा.

अडकण्याला जोडून आणखी एक खोच आहे: पॉलिसीची मुदत. दहा दिवसांची सहल, दहा दिवसांची पॉलिसी, आणि नवव्या दिवशी विलगीकरण. मुदत आपोआप वाढते ती साधारणपणे तुम्ही रुग्णालयात असाल किंवा विमान रद्द झालं असेल तरच, तीही मोजके दिवस. बाकी वेळी मुदत संपण्याआधी अर्ज करून, हप्ता भरून, आत्तापर्यंत क्लेम नाही असं लिहून द्यावं लागतं. क्लेम झालेला असेल तर वाढ नाकारण्याचा हक्क कंपनीकडे असतो. उपाय स्वस्त आहे. बऱ्याच कंपन्यांचे दर दिवसांच्या टप्प्यांत असतात, उदाहरणार्थ ८ ते १४ दिवसांना एकच दर. मग दहा दिवसांच्या सहलीला चौदा दिवसांची पॉलिसी घ्यायला जास्तीचा एक रुपयाही लागत नाही. एजंट मात्र तिकिटावरच्या तारखा जशाच्या तशा टाकतो, कारण त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

सहल रद्द करण्याचा भाग

‘ट्रिप कॅन्सलेशन’ हे शब्द वाचून लोक समजतात की आपण रद्द केली की पैसे मिळतात. प्रत्यक्षात ही कारणांची बंद यादी असते. ठरावीक कारणं: विमाधारकाचा किंवा जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, गंभीर आजाराने भरती, काही पॉलिसींत नैसर्गिक आपत्ती किंवा संप. यादीत नसलेलं कारण म्हणजे नकार. भीती कुठल्याही यादीत नसते. नातेवाइकाची व्याख्याही तपासा. सासू-सासरे कधी असतात, कधी नसतात.

आकड्यांत बघू. समजा एका जोडप्याने केनियाची सहल घेतली. माणशी खर्च ३,००,००० रुपये: जमिनीवरचं पॅकेज २,२०,०००, विमान ६०,०००, प्रवेश परवाना आणि इतर २०,०००. निघायला वीस दिवस असताना रद्द केली आणि टूर कंपनीच्या अटींनुसार पॅकेजचे ५० टक्के कापले गेले: १,१०,०००. विमानाचं तिकीट विनापरतावा. त्यातले कर आणि विमानतळ शुल्क मिळून, धरा, १५,००० परत आले, ४५,००० गेले. परवान्याचे आणि किरकोळ २०,०००ही गेले. माणशी तोटा १,७५,०००, दोघांचा साडेतीन लाख.

पॉलिसीच्या तक्त्यात ओळ आहे: ‘सहल रद्द: १,००० डॉलर’. डॉलर ८५ रुपये धरला तर माणशी ८५,०००, दोघांना १,७०,०००. नवरा डेंग्यूने भरती झाला म्हणून सहल रद्द केली तर साडेतीन लाखांतले एक लाख सत्तर हजार मिळतील. बायकोची सहल त्याच्यामुळे रद्द झाली हे मान्य होण्यासाठी ती त्याच पॉलिसीत किंवा ‘सोबतची प्रवासी’ म्हणून नोंदलेली हवी. युगांडात इबोलाचे रुग्ण सापडल्याची बातमी ऐकून रद्द केली तर मिळणार शून्य. बातमी खरी असो, शेजारच्या देशातली असो, डॉक्टर मित्राने सल्ला दिलेला असो.

तिकिटातले कर परत मिळतात हे अजून पुष्कळांना माहीत नसतं. तिकीट कितीही ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी न केलेल्या प्रवासाचे सरकारी कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यायची असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. मागितले नाहीत तर ती रक्कम तशीच पडून राहते.

रद्द होण्याचं कव्हर पॉलिसी घेतल्या दिवसापासून सुरू होतं, वैद्यकीय कव्हर प्रवासाच्या दिवसापासून. त्यामुळे पॉलिसी काढायची योग्य वेळ म्हणजे पहिला मोठा हप्ता भरला तो दिवस. आपल्याकडे ती व्हिसाच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी किंवा विमानतळाच्या वाटेवर मोबाइलवर निघते. मधले दोन-तीन महिने कव्हर फुकट घालवलेले असतात.

याहून मोठा मुद्दा ‘माहीत असलेल्या घटने’चा. एखादी साथ सर्वज्ञात झाल्यानंतर काढलेली पॉलिसी त्या साथीमुळे होणारं नुकसान भरून देत नाही. आणि ‘सर्वज्ञात’ची तारीख कंपनी ठरवते. कोविडच्या वेळी अमेरिकेतल्या बऱ्याच विमा कंपन्यांनी जानेवारी २०२० च्या शेवटच्या दहा दिवसांतली तारीख धरली. काहींची तारीख ३० जानेवारीच्या जागतिक आणीबाणीच्या घोषणेच्याही आधीची होती. टीव्हीवर बातमी बघून पॉलिसी काढायला धावणं म्हणजे वरातीमागून घोडं. असाच प्रकार सूचनेचा: आपल्या सरकारने किंवा जागतिक आरोग्य संघटनेने जाऊ नका म्हटल्यावर गेलात, तर अनेक पॉलिसींत तिथला आजारही अडचणीत येतो. इथे पॉलिसी दोन्ही बाजूंनी हात आखडते, हे स्पष्टच म्हणायला हवं. सूचना आली म्हणून रद्द केलंत तर ते यादीतलं कारण नाही. सूचना मोडून गेलात तर वगळणी लागू. या उत्पादनाचे गुण कापले आहेत ते मुख्यतः इथे.

भीतीवर खरोखर चालणारं एकच औषध बाजारात आहे: ‘कुठल्याही कारणाने रद्द’ असं जोड-कव्हर. अमेरिकेत ते रुळलेलं आहे आणि त्याच्या अटी कडक आहेत: पहिली रक्कम भरल्यापासून साधारण दोन ते तीन आठवड्यांच्या आत घ्यायचं, सहलीचा पूर्ण खर्च त्यात धरायचा, निघण्याच्या किमान ४८ तास आधी रद्द करायचं, आणि परत मिळणार ५० ते ७५ टक्के. भारतात मोजक्या पॉलिसींत तशा प्रकारची जोड दिसते, पण कमाल रक्कम लहान असते. वरच्या उदाहरणातल्या जोडप्याला ती घ्यायची असेल तर टक्केवारी बघून भागणार नाही. रुपयांत किती मिळतील ते लिहून मागावं.

विम्बल्डनच्या आयोजकांनी २००३ च्या सार्सनंतर आपल्या विम्यात संसर्गजन्य रोगांचं कलम घालून घेतलं आणि पुढची सतरा वर्षं हप्ते भरले, लोकांनी हसावं असे. २०२० मध्ये स्पर्धा रद्द झाली तेव्हा त्यांना भरपाई मिळाली. सहकुटुंब दरवर्षी परदेशी जाणाऱ्यांनी एवढं टोक गाठायची गरज नाही, पण कलम कोरं असताना, साथ नसतानाच ते स्वस्त मिळतं, एवढं त्यातून घ्यावं.

बंदी आली तर विमा विसरा

सीमा बंद, व्हिसा रद्द, विमानं जमिनीवर: इथे पैसे विमा कंपनीकडून नव्हे, विमान कंपनीकडून आणि टूर कंपनीकडून निघतात. भारताने मार्च २०२० मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं थांबवली ती थेट २७ मार्च २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. मधल्या गोंधळात परताव्याऐवजी ‘क्रेडिट शेल’, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी वापरायची जमा रक्कम, हातात ठेवला गेला. अखेर सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० च्या आदेशात घडी बसवली: टाळेबंदीतच टाळेबंदीच्या काळासाठी काढलेल्या तिकिटांचा पूर्ण परतावा; आधी काढलेल्या तिकिटांचा पंधरा दिवसांत परतावा, आणि कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येणारा क्रेडिट शेल. त्या शेलवर ३० जून २०२० पर्यंत महिन्याला अर्धा टक्का आणि नंतर पाऊण टक्का वाढ द्यायची होती. तिकीट एजंटमार्फत काढलेलं असेल तर परतावाही एजंटच्याच खात्यातून.

हे शेवटचं वाक्य जुन्या बातमीतलं वाटेल, पण पुढच्या साथीतही तेच होणार आहे. पैसे ज्या वाटेने गेले त्याच वाटेने परत येतात. मधला एजंट दुकान बंद करून गावी गेला असेल तर विमान कंपनी ‘आम्ही दिले’ म्हणते आणि ते खरंही असतं. साथीची कुणकुण असताना तिकीट थेट विमान कंपनीकडून, क्रेडिट कार्डावर काढणं बरं. सेवा मिळाली नाही तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागता येतो.

युरोपातून परतीचं विमान असेल तर तिथला नियम कामी येतो: युरोपीय संघातल्या कुठल्याही विमानतळावरून सुटणारं, किंवा युरोपीय कंपनीचं तिकडे जाणारं विमान कंपनीने रद्द केलं, तर प्रवाशाला रोख परतावा मागण्याचा हक्क आहे आणि तो सात दिवसांत द्यायचा असतो. व्हाउचर घ्यायचं की नाही ते प्रवाशाने ठरवायचं. ग्राहक कक्षातला माणूस हे आपणहून सांगत नाही.

टूर कंपनीकडे बुकिंगची रक्कम भरण्याआधी अटींच्या पानावर एवढंच शोधा: कंपनीने स्वतः सहल रद्द केली तर रोख परत की पुढच्या सहलीचं क्रेडिट, क्रेडिट असेल तर किती महिने, ते दुसऱ्याच्या नावावर होतं का, आणि पुढच्या वर्षी दर वाढला तर फरक कुणी भरायचा. ‘अपरिहार्य परिस्थिती’ या कलमात साथ लिहिलेली असतेच. पुढचं वाक्य वाचायचं असतं.

केनियाला जाणाऱ्यांसाठी एक स्वस्त कागद

पॉलिसी ज्याचे पैसे कधीच देत नाही असं एक अडकणं पूर्णपणे टाळता येतं: पिवळ्या तापाचं प्रमाणपत्र नसल्यामुळे मुंबई विमानतळावर होणारं विलगीकरण. थेट भारतातून गेलेल्याला केनिया ते मागत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. मागतो तो परत येताना आपलाच देश, कारण हा ताप पसरवणारा एडिस डास आपल्याकडे घरोघरी आहे आणि विषाणू मात्र अजून आलेला नाही. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत ठेवून घेतात.

लस एकच, ०.५ मिलि, प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी वैध होतं आणि ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी धरलं जातं. सरकारी केंद्रांत शुल्क तीनशे रुपयांच्या आसपास. कुपीत अनेक डोस असतात आणि एकदा पाणी मिसळलं की सहा तासांत संपवावी लागते, म्हणून केंद्रं ठरावीक वारी आणि पुरेशी नावं जमल्यावरच बोलावतात. माराचा हंगाम जुलै ते ऑक्टोबर. त्याआधी गर्दी होते. मूळ पासपोर्ट न्यावा लागतो, कारण त्याचा क्रमांक कार्डावर चढतो. अंड्याची तीव्र अॅलर्जी, कमकुवत प्रतिकारशक्ती, गरोदरपण, किंवा साठीच्या पुढचं वय असेल तर आधी डॉक्टरशी बोला. लस जिवंत विषाणूची आहे.

इथे एक आडवळणाची फसगत होते. दक्षिण आफ्रिकेला अदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे गेलात तर परतताना भारताच्या लेखी तुम्ही वाटेत पिवळ्या तापाच्या देशात उतरलेले ठरता. विमानतळाच्या आतच थांबलात तर सूट आहे, पण ती आरोग्य अधिकाऱ्याच्या मान्यतेवर. सोळा तासांचा थांबा म्हणून शहरात चक्कर मारली की सूट गेली.

क्लेम करताना

भरती होण्याआधी, ते शक्य नसेल तर चोवीस तासांत, पॉलिसीवरच्या मदतकेंद्राला फोन करा आणि संदर्भ क्रमांक लिहून घ्या. कॅशलेस मिळतं ते बहुतेक भरतीला. बाह्यरुग्ण बिलं आल्यावर मागायची. संसर्गाच्या क्लेममध्ये कंपनी दोन तारखा जुळवते: लक्षणं कधी सुरू झाली आणि प्रवास कधी सुरू झाला. डॉक्टरच्या कागदावर ‘चार दिवसांपासून ताप’ असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही तीन दिवसांपूर्वी निघाला असाल, तर क्लेम तिथेच बुडाला. घाईत वाटेल ते सांगू नका, आणि खोटंही नको.

बोर्डिंग पास जपा. शेंगेनमध्ये आता पासपोर्टवरच्या शिक्क्यांऐवजी नोंद डिजिटल होते आहे, हाँगकाँगला पूर्वीपासून शिक्का नसून चिठ्ठी मिळते. प्रवास केल्याचा पुरावा म्हणून तो कागदाचा तुकडाच उरतो. रद्द सहलीच्या क्लेमला टूर कंपनीचं कापलेल्या रकमेचं पत्र लागतं, कारणासकट. त्यात ‘ग्राहकाच्या विनंतीवरून रद्द’ एवढंच लिहून देतात. ‘वैद्यकीय कारणाने, अमुक तारखेला कळवलं’ असं लिहून मागा.

नकार आला तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवायचं. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल: मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, मर्यादा ५० लाख रुपये, आणि कंपनीच्या नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. अर्जात व्यथा चार ओळींत पुरे. कलमाचा क्रमांक, तक्त्यातली ओळ, पॉलिसी घेतल्याची तारीख आणि साथीची पहिली अधिकृत घोषणा झाली ती तारीख एकाखाली एक लिहा.